बिऱ्हाड हलवायचं, पण खिसा सांभाळून

आजचा विषय आपल्या घरातलाच आहे. भात-नागली निघाली की सुरगाण्यातले पाडे ओस पडायला लागतात. कोणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातं, कोणी गुजरातमध्ये. पावसाआधी सगळे परत. म्हणजे वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवायचं आणि दोन्ही वेळा पैसे जायचे. ते कसे वाचतील, ते सांगतो.

पहिली गोष्ट, पिकअपचं भाडं खेपेवर ठरतं, गाठोड्यावर नाही. एकाच गावाला जाणाऱ्या तीन-चार घरांनी मिळून एक गाडी करा. माल टाकून रिकामी परतणारी गाडी मिळाली तर अजून स्वस्त.

दुसरी गोष्ट, ओझं कमी करा. सगळ्यात जड काय असतं? धान्य. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो, म्हणजे पाच माणसांचं चार महिन्यांचं एक क्विंटल झालं! ते इथून न्यायची गरज नाही. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे दिंडोरीच्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. महाराष्ट्र-गुजरातमध्ये तर ही सोय २०१९ च्या ऑगस्टपासूनच आहे. आई-बाबा गावीच राहिले असतील तर थोडं त्यांनी इथे उचलायचं, बाकीचं तुम्ही तिकडे. फक्त निघण्याआधी सगळ्यांचं आधार आणि ई-केवायसी झालंय का, ते बघून घ्या.

आता मोटरसायकल. ती पिकअपमध्ये टाकली की दोन घरांच्या सामानाची जागा खाते. शंभर किलोमीटरचं अंतर धरा, गाडी पन्नासचं ॲव्हरेज देत असेल तर दोन लिटर पेट्रोलमध्ये दोन माणसं पोचतात. चालवतच न्या. लायसन, विमा, पीयूसी जवळ ठेवा आणि हेल्मेट घाला. घाटात अंधार पडू देऊ नका.

आणि हे नीट ऐका. सामानावर माणसं बसवू नका! भांडी, शेळ्या, त्यावर पोरं, म्हातारी, असं दरवर्षी दिसतं. मालगाडीत प्रवासी बसवणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळताना अडतं. पैसे वाचवायला हे करायची गरजही नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना राज्यात प्रवास मोफत आहे. आजीला एसटीत बसवा, हंडे पिकअपमध्ये जाऊ द्या.

शेवटचं, येण्याच्या भाड्याचं. जातानाचं भाडं बरेचदा बागायतदार देतो किंवा उचलीतून कापतो. पण काम संपल्यावर, हिशोब झाल्यावर, परतीचं कोण देणार? हे निघण्याआधीच मुकादमाशी बोला. व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, नाहीतर व्हॉइस मेसेज मागा. तोंडी शब्द एप्रिलपर्यंत टिकेलच असं नाही, मोबाईलमधला मेसेज दाखवता येतो.

तुमच्या पाड्यावर गाडी कशी ठरवता, भाडं कसं वाटून घेता? आम्हाला बोलून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर जोहार!