धाक कुठवर पुरतो?

आमच्या गटातल्या दोघींची पोरं फौजेत आहेत, म्हणून आज बचतीचा हिशोब बाजूला ठेवलाय.

१९९८ च्या मे महिन्यात आधी भारतानं, मग पाकिस्ताननं अणुचाचण्या केल्या. आम्हाला वाटलं, आता एकमेकांच्या धाकानं कुणी हात उचलणार नाही. वर्षभरात कारगिल झालं! तरी तेव्हा आपल्या विमानांना ताबारेषा ओलांडायची मनाई होती. २०१९ ला बालाकोटच्या वेळी ती ओलांडली. २०२५ च्या मे महिन्यात दोन्हीकडून ड्रोन उडाले. ड्रोनमध्ये माणूस बसलेला नसतो, म्हणून पाठवणाऱ्याचा हात लवकर उठतो, असं आमचं मत. अणुबॉम्बचा धाक आता मोठ्या युद्धापुरताच उरलाय.

त्या चार रात्री आमच्यातली एक फोन उशाशी घेऊन जागी होती. पोराचा फोन ११ तारखेला आला.