गोषवारा करताना काय गाळायचं?



जुन्या पेढीवर रोजकीर्द असे, रोजकीर्दीवरून खतावणी होई आणि खतावणीवरून तेरीज, म्हणजे गोषवारा, निघे. मालक पाहायचा ती तेरीज. पण तेरजेतला एखादा आकडा खटकला, तर खतावणीतून मागं जात थेट रोजकीर्दीतल्या नोंदीपर्यंत पोचता येई, कारण रोजकीर्द कुणी फाडून टाकत नसे. आजचा विषय संगणकाचा असला तरी याच कुळातला आहे.

समजा, एका कंपनीची 200 दुकानं आहेत. दुकानामागे दिवसाला 500 बिलं, बिलात सरासरी 6 वस्तू. म्हणजे रोज 6 लाख ओळी, वर्षाला सुमारे 22 कोटी. एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात; तिथं या कंपनीचे दोन दिवससुद्धा बसत नाहीत. पॉवर बीआयसारखी रिपोर्टची साधनं डेटा दाबून बसवतात, त्यामुळे त्यांत कोट्यवधी ओळी जातात. पण मग रोजचं रिफ्रेश लांबतं, मेमरीचा खर्च वाढतो. आणि साहेबांना पाहायचं असतं काय? कोणत्या दुकानात, कोणत्या दिवशी, कोणत्या प्रकारचा माल किती गेला. मालाचे 40 प्रकार धरले, तर रोज प्रत्येक प्रकार प्रत्येक दुकानात विकला गेला तरी वर्षाच्या ओळी 29 लाख 20 हजार होतात. पंचाहत्तर पटींनी कमी. ही गटवार बेरीज डेटाबेसमध्येच ‘ग्रुप बाय’ लावून उरकावी आणि रिपोर्टात फक्त गोषवारा चढवावा.

इथवर सोपं आहे. अवघड आहे ते पुढं, आणि मला कळकळीनं बोलायचंय ते त्याबद्दलच.

गोषवाऱ्यात सरासरी साठवू नका. एका दुकानात 1,000 बिलं झाली, सरासरी 200 रुपये. दुसऱ्यात 100 बिलं, सरासरी 900 रुपये. या दोन सरासऱ्यांची सरासरी येते 550. खरा हिशेब करा: एकूण 2,90,000 रुपये, बिलं 1,100, म्हणजे बिलामागे साधारण 264 रुपये. उत्तर दुपटीहून जास्त फुगलं, आणि पडद्यावर ते तितकंच ऐटीत दिसतं. म्हणून रक्कम वेगळी ठेवायची, बिलांची संख्या वेगळी ठेवायची, भागाकार शेवटी. नफ्याच्या टक्केवारीलाही हाच नियम. शिल्लक साठ्याची गंमत आणखी वेगळी: सगळ्या दुकानांचा आजचा साठा मिळवता येतो, पण सोमवारचा साठा मंगळवारच्या साठ्यात मिळवला तर जगात नसलेला माल कागदावर येतो.

ग्राहकांची संख्या तर बेरजेला दादच देत नाही. सोमवारी 300 आले, मंगळवारी 300. दोन दिवसांत वेगवेगळे किती? 300 असतील किंवा 600, किंवा मधलं काहीही. रोजचा आकडा जपून ठेवला तरी महिन्याचा त्यातून निघत नाही. यासाठी फ्रान्सचे गणिती फिलिप फ्लाजोले आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ‘हायपरलॉगलॉग’ ही अंदाजाची पद्धत मांडली. दीड किलोबाइटच्या टिपणात अब्जाहून जास्त वेगवेगळ्या नोंदींचा अंदाज, साधारण दोन टक्क्यांच्या चुकीनं. आणि रोजची टिपणं एकमेकांत मिसळता येतात. कल आणि चढउतार पाहायला तेवढं पुरतं. पैशाचा हिशेब मात्र त्यावर करू नये.

आता गाळलेल्या कॉलमाबद्दल. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात 1973 साली पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेल्या पुरुष अर्जदारांपैकी सुमारे 44 टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी 35 टक्क्यांना. उघड अन्याय वाटावा असा आकडा. संशोधकांनी तो विभागवार फोडला, तेव्हा बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध कल दिसेना. उलट विभाग लक्षात घेऊन केलेल्या एकूण हिशेबात झुकाव किंचित त्यांच्याच बाजूला निघाला. स्त्रियांचे अर्ज जास्त होते ते मुळातच कमी प्रवेश देणाऱ्या विभागांत. हा अभ्यास 1975 साली ‘सायन्स’मध्ये आला. विभागाचा कॉलम गोषवाऱ्यात गाळलेला असता, तर विभागवार चित्र काय आहे, हे कुणाला विचारताही आलं नसतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की एक ओळ म्हणजे नेमकं काय, हे ठरवणं एकट्या प्रोग्रामरवर सोडू नये. दुकान-दिवस-प्रकार की दुकान-तास-वस्तू? खरेदीवाला, हिशेबनीस, दुकानाचा व्यवस्थापक यांना समोर बसवून ते एका वाक्यात लिहून घ्यावं. डेटा वेअरहाउसचे जाणकार राल्फ किम्बॉल टेबल आखण्यापूर्वी हेच पक्कं करायला सांगतात. आणि बारीक नोंदी मूळ जागी शाबूत ठेवायच्या. गोषवारा वेगासाठी, त्यांच्या जोडीला.

एक व्यवहारातली गोष्ट राहिली. परत आलेला माल आणि रद्द बिलं चार-आठ दिवसांनी येतात, आणि त्यांचा परिणाम जुन्या तारखांवर होतो. तेव्हा रात्री फक्त कालचा दिवस न मोजता मागचे काही दिवस पुन्हा मोजावेत आणि गोषवाऱ्याची एकूण रक्कम मूळ टेबलाशी ताडून पाहावी. मेळ बसला नाही, तर त्या सकाळी रिपोर्ट थांबवावा, आणि का थांबला तेही त्याच पानावर लिहावं.