काचेच्या भिंती आणि परावर्तित ऊन



आपल्या नियोजित विद्यार्थी-वसतिगृहाचा नकाशा कार्यकारी मंडळापुढे आहे. दर्शनी भाग संपूर्ण काचेचा असावा, असा तरुण सभासदांचा आग्रह आहे. हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांत आपली मुले नोकरी करतात. तशी शोभा जुन्नर-आंबेगावातही यावी, ही इच्छा मला मुळीच गैर वाटत नाही. परंतु त्या काचेवर पडलेले ऊन पुढे कोणाच्या घरात जाईल, याचा विचार भिंत उभी राहण्यापूर्वी झाला पाहिजे. मी मॅट्रिक झालेला शिक्षक. वास्तुशास्त्रात माझा अधिकार नाही. तथापि आरशाचा नियम मी वर्षानुवर्षे मुलांस शिकविला, आणि हा सारा विषय त्या एका नियमाचाच विस्तार आहे.

लंडन येथे फेनचर्च स्ट्रीटवर एक उत्तुंग इमारत आहे. तिची दक्षिणेकडील काचेची भिंत आत वळलेली. २०१३ च्या उन्हाळ्याअखेर या भिंतीने ऊन एकवटून रस्त्यावर असे टाकले की, तेथे उभ्या केलेल्या मोटारीचे काही भाग वितळून वाकले. पुढे भिंतीवर आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. याच वास्तुविशारदाच्या, राफाएल विन्योली यांच्या, लास व्हेगास येथील हॉटेलात २०१० साली पोहण्याच्या तलावाकाठी बसलेल्यांना अशीच झळ लागली होती! एकदा ठेच लागूनही पुढचा शहाणा होत नाही, तो असा.

अंतर्वक्र पृष्ठभाग किरण एकवटतो, याचे थोर उदाहरण आपल्या खोडदलाच आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. मग त्यांच्या केंद्रस्थानी उन्हाने काही जळत कसे नाही? कारण त्या तारेच्या जाळीच्या आहेत. वीतभर वा त्याहून लांब रेडिओलहरींना ती जाळी आरसा ठरते; सूर्यप्रकाशाच्या अतिसूक्ष्म लहरी मात्र तिच्या छिद्रांतून सरळ निघून जातात.

आपली भिंत सपाट असणार. तेव्हा मोटारी वितळण्याचे भय नाही. भय आहे ते डोळे दिपण्याचे आणि समोरच्या बिऱ्हाडातील उकाड्याचे. साधी काच समोरून येणाऱ्या प्रकाशाचा सुमारे ८ टक्के भाग परतविते. किरण तिरपा होत जाईल तसे प्रमाण वाढते, आणि भिंतीला घासून जाणाऱ्या किरणास ती जवळजवळ आरसाच होते. लेप दिलेली चकचकीत काच तर मुळातच अधिक परतविते.

जुन्नरचा अक्षांश सुमारे १९.२ अंश. डिसेंबरअखेरीस मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस सुमारे ४७ अंश उंचीवर असतो. मे महिन्याच्या मध्यास तो थेट माथ्यावर येतो. (लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख आहेत, हिवाळ्यात तेथे ऊन किती आत शिरते, ते मुलांस अवश्य दाखवावे.) आपली जागा पुणे-नाशिक रस्त्याच्या पूर्वेस, म्हणून काच पश्चिमेस येणार. हिवाळ्यात दुपारनंतर सूर्य नैर्ऋत्येस असता तिचे ऊन वायव्येकडे फेकले जाईल, म्हणजे पुण्याकडे जाणाऱ्या वाहनचालकाच्या समोर डाव्या अंगाने. समोरच्या घरांना तर आधीच सकाळचे ऊन असते. त्यांना दुपारनंतर पूर्वेकडूनच दुसरा सूर्य उगवेल.

हे सर्व आता संगणकावर आधी पाहता येते. इमारतीचा आकार, काचेचा गुण आणि वर्षातील प्रत्येक तासाची सूर्याची जागा दिली की, यंत्र एकेका किरणाचा माग काढते व कोणत्या खिडकीत किती वेळ चमक जाईल ते दाखविते. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी १९८० च्या दशकात रचलेली ‘रेडियन्स’ ही प्रणाली या कामी प्रसिद्ध आहे.

संगणक नसला तरी अडत नाही. सूर्यकिरण आपल्यापर्यंत समांतर येतात, म्हणून पुठ्ठ्याच्या लहान प्रतिकृतीवरही कोन तेच राहतात. तिच्या पश्चिम अंगास आरशाच्या पट्ट्या चिकटवाव्यात, दिशा नेमक्या जुळवाव्यात आणि समोरची घरे खोक्यांनी मांडावीत. त्या दिवसाचा, त्या तासाचा कवडसा खऱ्या जागीच पडेल. अशी प्रतिकृती करण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेतो. शाळकरी मुले मदतीस द्यावीत.

माझी विनंती एवढीच की, नकाशा मंजूर करण्यापूर्वी अभियंत्याकडून २१ मार्च, २१ जून व २१ डिसेंबर या तीन दिवसांचे, दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंतचे तासवार कवडशांचे आराखडे मागवावेत, आणि ते प्रथम रस्त्यापलीकडच्या घरमालकांस दाखवावेत. ते आपल्या ज्ञातीचे नाहीत, म्हणून तर आधी त्यांच्याकडे जावे. काच कमी करून खोल व्हरांडा व छज्जे घेतल्यास खर्चात काय फरक पडतो, तेही त्याच वेळी विचारावे.