आठवणींचं पुनर्मुद्रण



जुन्या मालिकांविषयी आपण फार हळवेपणानं बोलतो. ‘रामायण’ लागलं की ओस पडणारे रविवार सकाळचे रस्ते, चाळीत एकाच घरी असलेल्या टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलेली पोरं, छपरावरचा अँटेना फिरवत ‘आता दिसतंय का?’ असं ओरडणारा कुणीतरी. दिवाळी अंकांतून, वर्धापनदिनाच्या सोहळ्यांतून ही चित्रं पुन्हा पुन्हा येतात. हा हळवेपणा मला खोटा वाटत नाही, हसण्यावारी नेण्यासारखा तर मुळीच वाटत नाही. पण तो अर्धवट आहे असं माझं मत आहे. आपण भूमिका जपल्या आणि त्या करणाऱ्या माणसांना वाऱ्यावर सोडलं. जुनी मालिका पुन्हा दाखवणं म्हणजे पुस्तकाची नवी आवृत्ती काढणं. नव्या आवृत्तीवर लेखकाचा हक्क असतो हे आपल्याला पटतं, मग नटाचा का नसावा? आज मला एवढंच मांडायचं आहे.

आधी एका आक्षेपाला उत्तर देतो. काही जाणकार म्हणतात, या मालिकांत विशेष काही नव्हतं. वाहिनी एकच होती, म्हणून सगळ्यांनी पाहिल्या, आणि आपण आठवतो ते आपलं तरुणपण. यात तथ्य आहे, पण थोडं. एकच वाहिनी असल्यामुळे सगळ्यांनी पाहिलं, हे खरं. पण त्यामुळे सगळं लक्षात राहिलं असं झालं नाही. त्याच पडद्यावर त्याच वर्षांत कितीतरी मालिका आल्या, ज्यांची नावंही आज कुणाला सांगता येणार नाहीत. उरल्या त्या पाहा. ‘हमलोग’ (१९८४) आणि ‘बुनियाद’ या दोन्ही मालिका मनोहर श्याम जोशी या हिंदी कादंबरीकारानं लिहिल्या. ‘मालगुडी डेज’मागे आर. के. नारायण, ‘वागले की दुनिया’मागे आर. के. लक्ष्मण, ‘महाभारता’च्या संवादांमागे राही मासूम रझा, ‘ये जो है जिंदगी’मागे शरद जोशी. मराठीत चिमणराव आणि गुंड्याभाऊ चिं. वि. जोशींच्या पानांतून उठून आले, गोट्या ना. धों. ताम्हनकरांच्या. टिकलेल्या मालिकांच्या तळाशी बहुतेक वेळा साहित्य आहे, आणि पडद्यावर रंगभूमीवर तयार झालेले नट आहेत. बहुतेकदा आठवड्याला एक भाग, तोही मोजक्या भागांपुरता मंजूर झालेला. त्यामुळे लिहायला, घासून पुसून घ्यायला, तालमीला सवड मिळे. मालिका टिकल्या त्या या कामाच्या बळावर. म्हणून ज्यांनी ते काम केलं त्यांचं पुढं काय झालं, हा प्रश्न विचारावाच लागतो.

या नटांच्या वाट्याला आलेल्या चढउतारांकडे आपण नशीब म्हणून पाहतो. ‘एकाच भूमिकेत अडकला बिचारा’ असं म्हणून मोकळे होतो. पण ‘रामायणा’चीच पात्रयोजना जवळून पाहिली तर वेगळं काही दिसतं. तिथली मंथरा ललिता पवारांची. नायिका म्हणून बहरात असताना १९४२ मध्ये चित्रीकरणातल्या एका थपडेनं त्यांच्या चेहऱ्याला आणि डोळ्याला कायमची इजा झाली. त्या उठल्या आणि चरित्रभूमिकांचं स्वतंत्र राज्य उभं केलं. कौसल्या जयश्री गडकरांची, दशरथ त्यांचे पती बाळ धुरी यांचा. गडकरांच्या पाठीशी मराठी चित्रपटाची कित्येक दशकं होती. या मंडळींना ‘रामायणा’नं गिळलं नाही, ललिता पवार गेल्या तेव्हा लोकांनी मंथरेखेरीज आणखी पन्नास भूमिका आठवल्या. आता राम झालेले अरुण गोविल पाहा. ‘सावन को आने दो’सारखा यशस्वी चित्रपट त्यांच्या नावावर १९७९ पासून होता. पण २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या अठरा महिन्यांत, ७८ भागांत, ते नट न राहता देव झाले. देवाला खलनायक करता येत नाही, विनोदी करता येत नाही, हरलेला नायकही करता येत नाही. निर्मात्याला त्यांचा चेहरा दिसे तो मुकुटासह. ज्याच्यामागे भूमिकांचा मोठा साठा होता तो तरला, आणि दूरदर्शनचं दार हेच ज्याचं सर्वांत मोठं दार ठरलं त्याच्यामागे ते बंद झालं. हा स्वभावाचा किंवा नशिबाचा भाग कमी आणि व्यवसायाच्या रचनेचा जास्त आहे.

कुणी म्हणेल, मग दिलीप प्रभावळकर कसे सुटले? चिमणरावांनी त्यांना घराघरांत नेलं, पण चिमणरावांत ते अडकले नाहीत. याचं उत्तर त्यांच्या प्रतिभेत आहेच, पण ती प्रतिभा वापरायला त्यांना जागा होती, हेही त्या उत्तरात आहे. मराठी रंगभूमी त्यांची वाट पाहत होती. ‘हसवा फसवी’त एका संध्याकाळी सहा वेगवेगळी माणसं उभी करणारा नट प्रेक्षकाला स्वतःच्या हातानं सांगत असतो की, मी चिमणराव नाही, मी नट आहे. पुढं ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आजोबा आले, ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी आले. महाराष्ट्रात नाटकाची ही सोय आहे, म्हणून आपल्याकडे पडझड तुलनेनं कमी दिसते. ज्यांना ही सोय नव्हती त्यांना प्रतिभा कमी होती, असा निष्कर्ष आपण काढू नये.

प्रिया तेंडुलकर यांच्याविषयी थोडं थांबून बोललं पाहिजे. १९८५ मध्ये बासू चटर्जींची ‘रजनी’ आली. गॅस सिलिंडरसाठी होणारी अडवणूक, टॅक्सीवाल्यांची मनमानी, कार्यालयातली टोलवाटोलवी, असल्या रोजच्या छळांना भिडणारी साधी गृहिणी त्यांनी तीत उभी केली. पदर खोचून ती काउंटरसमोर उभी राही आणि सौम्य पण न हटणाऱ्या आवाजात जाब विचारी. टॅक्सीचालकांवरच्या भागाचा खऱ्या टॅक्सीचालकांनी निषेध केला, इतकी ती खरी वाटली. ‘अंकुर’सारख्या चित्रपटात, मराठी पडद्यावर, रंगभूमीवर त्यांचं काम होतंच, शिवाय त्या स्वतंत्र दृष्टीच्या कथालेखिका होत्या. पुढं त्यांनी स्वतःच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रम चालवला आणि तिथंही प्रेक्षकांना हवी होती ती रजनीच. १९ सप्टेंबर २००२ रोजी त्या गेल्या तेव्हा पन्नाशीच्याही आत होत्या. आज ‘रजनी’ आठवणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ हा त्यांचा कथासंग्रह वाचला आहे? साहित्याच्या व्यासपीठावरून हा प्रश्न मी आपल्याच घराला विचारतो आहे. अभिनेत्रीची छाया लेखिकेवर पडू देण्यात टीकाकारांचाही हात आहे.

दुसरा आक्षेप असा की, या लोकांना काय कमी मिळालं? कीर्ती मिळाली, काही तर संसदेत गेले. गेले, हे खरं. १९९१ च्या निवडणुकीत गुजरातमधून दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, म्हणजे सीता आणि रावण, एकाच पक्षाच्या तिकिटावर निवडून आले. ‘महाभारता’तले कृष्ण नितीश भारद्वाज, शिक्षणानं पशुवैद्य आणि मराठी रंगभूमीवरचा नट, १९९६ मध्ये जमशेदपूरहून खासदार झाले. गोविल २०२४ मध्ये मेरठहून, मालिका संपल्यावर ३६ वर्षांनी. पण ही निवड नटाची झाली की भूमिकेची? मतदारानं मत दिलं ते पडद्यावरच्या प्रतिमेला. अभिनयाच्या कामाला त्यातून काही मिळालं नाही. शिवाय ही नावं चार-पाच आहेत. एवढ्या मोठ्या मालिकांत शेकडो लोकांनी कामं केली.

त्यातले एक सतीश कौल. पंजाबी चित्रपटांत एकेकाळी आघाडीचे नायक, ‘महाभारता’त इंद्र. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत दूरदर्शननं ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा सुरू केलं. १६ एप्रिलला ‘रामायण’ ७.७ कोटी लोकांनी पाहिल्याचं प्रसार भारतीनं अभिमानानं जाहीर केलं. त्याच टाळेबंदीत लुधियानात सतीश कौल औषधांसाठी आणि रोजच्या वाणसामानासाठी मदत मागत होते. त्यांच्या हलाखीची कारणं अनेक होती, आजारपण होतं, बुडालेला व्यवसाय होता. सगळा दोष एका मालिकेच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण ज्या आठवड्यांत देश त्या मालिका पुन्हा डोळे भरून पाहत होता, त्या आठवड्यांत त्या पाहण्यातून त्यांच्याकडे काही यावं असा मार्गच आपण बांधलेला नव्हता. १० एप्रिल २०२१ रोजी कोरोनानं त्यांचं निधन झालं.

मार्ग नव्हता, हे मी शब्दशः म्हणतो आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा, म्हणजे सादरकर्त्याचा, हक्क असं काही नव्हतंच. ते कलम आलं १९९४ च्या दुरुस्तीनं. ‘रामायण’, ‘महाभारत’, ‘रजनी’, ‘चिमणराव’, सगळं त्याआधीचं. १९९४ नंतरही तरतूद अशी की, नटानं चित्रीकरणाला एकदा संमती दिली की त्याचा हक्क तिथंच संपला. २०१२ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत गीतकार-संगीतकारांची बाजू लावून धरली, त्या वेळची. तीत प्रथमच असं आलं की, चित्रीकरणाला लेखी संमती दिलेली असली तरी, सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर कलावंत स्वामित्वधनाला पात्र राहील. गायकांनी पाठोपाठ संस्था काढली आणि हक्काची वसुली सुरू केली. नटांच्या बाबतीत कलम कागदावर आहे, वसुलीचा व्यवहार मात्र अजून रुळलेला नाही.

निर्मात्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात, पैसा आम्ही घातला, धोका आम्ही पत्करला, नटाला ठरलेलं दिलं. आता परत का द्यायचं? या सभागृहात बसलेल्या प्रत्येक लेखकाला याचं उत्तर ठाऊक आहे. प्रकाशकही पैसा घालतो, धोका पत्करतो. तरी दुसरी आवृत्ती निघाली की लेखकाला स्वामित्वधन देतोच, आणि त्यामुळे कुठलाही प्रकाशनव्यवसाय बुडाला नाही. अमेरिकेत १९६० मध्ये चित्रपट-नटांनी संप केला, तेव्हा त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. टीव्हीवर चित्रपट पुन्हा दाखवला की नटाला वाटा, हे त्यांनी मिळवलं. जुन्या चित्रपटांचा वाटा सोडून त्याबदल्यात निवृत्तिवेतन आणि आरोग्य योजनेसाठी रक्कम घेतली. त्या तडजोडीवर जुने नट नाराज झाले, ती नाराजी रास्तही होती; पण म्हाताऱ्या नटाच्या औषधाची काही सोय तरी झाली. २०२३ मध्ये इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाच्या वाट्यासाठी तिथले नट पुन्हा ११८ दिवस संपावर होते. तिथला उद्योग बंद पडलेला नाही. आपल्याकडे जुन्या मालिकांसाठी मागचा हिशोब काढणं अवघड आहे, हे मी मान्य करतो. करारपत्रं हरवली आहेत, माणसं गेली आहेत. म्हणूनच जुन्या कामाच्या बदल्यात निधी उभारण्याचा तो अमेरिकी पर्याय मला आपल्याला जवळचा वाटतो. जुनी मालिका ज्या ज्या वेळी जाहिरातींसह दाखवली जाईल, त्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा ज्येष्ठ कलावंत, लेखक आणि तंत्रज्ञांच्या निधीत जावा. आणि आज होणाऱ्या प्रत्येक करारात २०१२ च्या कलमाचा स्पष्ट उल्लेख असावा.

आणखी एक गोष्ट, तिच्याशिवाय हे सगळं निरर्थक आहे. हक्क सांगायला मुळात काम शिल्लक पाहिजे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्या काळी टेप महाग असे. एक कार्यक्रम झाला की ती पुसून दुसऱ्यासाठी वापरली जाई. सुरुवातीच्या वर्षांतलं कितीतरी मराठी काम असं कायमचं गेलं. कुणा एकाचा हा अपराध नव्हता, जगभर हेच चाललं होतं. बीबीसीनंही ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले कित्येक भाग पुसले. पण त्या हरवलेल्या भागांचा आवाज आज पूर्ण शाबूत आहे, कारण प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून तो उतरवून ठेवला होता. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. मराठी दूरचित्रवाणीचं काय उरलं आणि काय गेलं, याची मालिकावार, भागवार यादी अभ्यासकाला सहज मिळायला हवी. दूरदर्शननं ती तयार करून प्रसिद्ध करावी, असा ठराव या संमेलनात व्हावा, ही माझी सूचना आहे.

आणि रसिकहो, एक काम आपल्या हातातलं आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी व्हीसीआर होता, त्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या फळीवर काळ्या व्हीएचएस कॅसेटी अजून पडून असतील. वर पेनानं लिहिलेलं असेल: लग्न, मुंज, आणि कुठंतरी कोपऱ्यात एखाद्या मालिकेचं नाव. त्या फितीवरचा चुंबकीय थर दमट हवेत सुटत जातो. आणखी काही वर्षांनी त्यावर काही उरणार नाही. घरी गेल्यावर त्या खाली काढा. फेकू नका, पुसू नका, ओल लागू देऊ नका. त्यावर काय आहे ते कागदावर लिहा आणि संमेलनाच्या कार्यालयाला कळवा.