यंत्र आपले, अक्कल कुणाची?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आमच्या गावातून कापूस घेऊन जिनिंगला निघालेली एक पिकअप रस्त्यातच ढेपाळली. इंजिन चालू, पण गाडी पळेना. मिस्त्रीने बॉनेट उघडले, पिवळा दिवा पाहिला आणि हात पुसले. म्हणाला, 'भाऊ, हे पान्ह्याचे काम नाही. कंपनीचे मशीन लावल्याशिवाय ही गाडी आपले दुखणे सांगायची नाही.' एक सेन्सर गेला होता. तो ओळखायला भरलेली गाडी टोचन लावून शहरात न्यावी लागली.

गाडीचे पैसे आपण मोजले, मग तिच्या डोक्याचा मालक कोण? या प्रश्नावर अमेरिकेत आणि युरोपात मोठा वाद झाला आहे. त्याची सुरुवात शौकिनांच्या मोटारींपासून झाली.

जुन्या इंजिनात डिझेल किती सोडायचे ते पंप ठरवायचा, मिस्त्री स्क्रू फिरवून कमीजास्त करायचा. १९८० नंतर हे काम मोटारींमध्ये एका लहान संगणकाकडे गेले. त्याच्या चिपमध्ये तक्ते असतात: इतके फेरे, इतका भार, तर इतके इंधन आणि या क्षणी ठिणगी. कंपनी हे तक्ते हात राखून भरते. कुठे इंधन खराब, कुठे उन्हाळा कडक, वर वॉरंटी आणि धुराचे नियम. कधी कधी तेच इंजिन दोन तक्ते घालून दोन किमतींना विकले जाते, हाही धंदा आहेच. मग बाहेरचे कारागीर निघाले. त्यांनी जुनी चिप दात उपटावा तशी काढली आणि आपली बसवली. दीडशे अश्वशक्तीचे टर्बो इंजिन तीस-चाळीसने जास्त जोर देऊ लागले. फुकट काही नाही. क्लच आणि टर्बो लवकर झिजतात, वॉरंटी जाते.

आता गंमत पाहा. एक कारागीर कित्येक दिवस इंजिन तपासून तक्ता बसवतो. दुसरा त्याची एक चिप विकत घेतो, यंत्रात घालतो आणि काही मिनिटांत नक्कल काढून निम्म्या भावात विकतो. पहिला ओरडतो, 'चोरी!' त्याचे खरे आहे. पण त्याच्या चिपमध्येही नव्वद टक्क्यांच्या वर माल मूळ कंपनीचाच असतो, हे तो सांगत नाही. मग हेच कारागीर आपल्या चिपला कुलूप लावू लागले. पुढे चिप उपटायची गरज उरली नाही, लॅपटॉप जोडून तक्ता बदलता येऊ लागला. तेव्हा त्या अवजारांच्याही नकला बाजारात आल्या.

कंपन्यांनी मात्र या चोरीच्या नावाखाली भलतेच मागितले. अमेरिकेत १९९८ साली कायदा झाला: सॉफ्टवेअरचे कुलूप तोडणे हाच गुन्हा, आतले काही चोरले नाही तरी. हा कायदा गाणी आणि सिनेमांच्या नकला रोखण्यासाठी होता, तो येऊन बसला ट्रॅक्टरवर. २०१५ साली जॉन डियर कंपनीने सरकारदरबारी लेखी मांडले की ट्रॅक्टर घेणाऱ्याला आतले सॉफ्टवेअर वापरण्याचा फक्त परवाना मिळतो. कुलूप उघडू दिले तर ट्रॅक्टरमधून गाण्यांची चोरी होईल, असाही मुद्दा त्यात होता! नांगरणी करता करता शेतकरी गाणी चोरणार, हे ज्याला सुचले त्याने नांगर धरला नसावा.

त्याच वर्षी मालकाला दुरुस्तीपुरती सूट मिळाली. पण कुलूप उघडायचे अवजार विकण्यावर बंदी राहिलीच. परिणाम व्हायचा तोच झाला. २०१७ साली बातम्या आल्या की अमेरिकन शेतकरी युक्रेनमधून येणारे चोरटे सॉफ्टवेअर घेऊन आपलेच ट्रॅक्टर दुरुस्त करीत आहेत. हंगाम थांबत नाही. २०२३ साली कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रे दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जॉन डियरवर खटला भरला.

मला यात एक रेघ दिसते, आणि ती आपल्या ओळखीची आहे. आपल्या २००१ च्या वाण कायद्याने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-विकण्याचा हक्क दिला. ब्रँड लावून विकण्याचा नाही. यंत्राचेही तसेच असावे. दुसऱ्याचा तक्ता उचलून विकणे ही चोरी. आपले यंत्र उघडून दुरुस्त करणे हा मालकाचा हक्क. धुराची गाळणी काढून टाकणे मात्र हक्कात बसत नाही, कारण धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो. हे कंपन्यांनाही सांगायला हवे: फोक्सवॅगनने जगभर सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत तपासणी ओळखून फसवणारे सॉफ्टवेअर घातले होते, ते २०१५ साली उघडकीस आले.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कुलूप तोडणे गुन्हा ठरते ते हक्कभंगाचा हेतू असेल तरच. अमेरिकेपेक्षा हे बरे आहे. पण तेवढ्याने कंपनीचे मशीन गावच्या मिस्त्रीच्या हाती येत नाही. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागले, त्याबरोबर संगणकाचे इंजिन आले. आपले बहुतेक ट्रॅक्टर त्याखालचे आहेत. म्हणून आताच, ट्रॅक्टर घेताना शोरूममध्ये तीन गोष्टी लेखी मागा: बिघाडाचा कोड गावच्या मिस्त्रीला वाचता येईल का, बदललेला सुटा भाग कंपनीच्या मशीनशिवाय चालेल का, आणि हंगामात ते मशीन बांधावर किती दिवसांत येईल. काय उत्तर मिळते ते पुढच्या बैठकीत घेऊन या.