पलटण हरते तेव्हा



या मंचावर येऊन गेलेले सैन्यातले बहुतेक वक्ते नेतृत्वावर किंवा युद्धावर बोलले. मी आज कबड्डीवर बोलणार आहे, तेही खेळाडू म्हणून नव्हे. शाळेत असताना सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात हुतुतू खेळलो, सगळेच खेळायचे, तेवढाच माझा अनुभव. मी बोलणार आहे पाठीराखा म्हणून. निवृत्तीनंतर मी नोएडात स्थायिक झालो, पण कबड्डीत माझा संघ पुणेरी पलटण. आणि २०२५ साली प्रो कबड्डीचा अंतिम सामना झाला तो दिल्लीत, दबंग दिल्ली विरुद्ध पुणेरी पलटण असा. म्हणजे राहतो त्या शहराविरुद्ध माझा संघ. त्या मोसमाबद्दल सांगतो.

आधी नावाबद्दल. नागरी मराठीत पलटण म्हणजे मोठा घोळका. ‘काय पलटण घेऊन आलात!’ असं आपण लग्नात म्हणतो. पण सैन्यात प्रत्येक जवान आपल्या बटालियनला पलटण म्हणतो. पलटण हे त्याचं घर असतं. तिशी-पस्तिशी वर्दीत काढलेल्या माणसाला हा शब्द कुठेही ऐकू आला तरी त्याचे कान टवकारतात. टीव्हीवर पहिल्यांदा ‘पुणेरी पलटण’ ऐकलं तेव्हा माझंही तेच झालं. संघ निवडायला मला याहून मोठं कारण लागलं नाही. बहुतेकांचं असंच असतं. कुणी नावावरून संघ धरतो, कुणी गावावरून, कुणी एखाद्या खेळाडूवरून. धरणं सोपं असतं. टिकून राहण्यासाठी मात्र वेगळं काहीतरी लागतं, आणि मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

निवृत्तीचा एक परिणाम आधी कुणी सांगत नाही. पेन्शन, कॅन्टीन, आरोग्य कार्ड, सगळ्याची व्यवस्था होते. पण ज्या हार-जितीत आपला वाटा होता ती एका दिवसात संपते. काल तुमच्या कंपनीने आंतर-कंपनी स्पर्धा हरली तर तुमची झोप उडायची. आज कुणीही जिंकलं-हरलं तरी तुमचं काही अडत नाही. मोकळं वाटायला हवं ना? पण पोकळ वाटतं. मी असे बरेच अधिकारी पाहिले आहेत जे या पोकळीत सोसायटीच्या पार्किंगवरून भांडत बसतात. मला कबड्डीचा मोसम सापडला.

मोसम म्हणजे काय ते सांगतो. बारावा मोसम २९ ऑगस्ट २०२५ ला विशाखापट्टणमला सुरू झाला. तिथून जयपूर, मग चेन्नई, शेवटी दिल्ली. बारा संघ, साखळीत प्रत्येकाचे अठरा सामने. विजयाला दोन गुण, पराभवाला शून्य. आधीच्या मोसमांत बरोबरी व्हायची आणि गुण वाटून मिळायचे. या वेळी साखळीतही बरोबरी बंद झाली. चाळीस मिनिटांनंतर गुण समान असले तर टायब्रेकर, दोन्ही संघांना पाच-पाच चढाया. तरीही निकाल लागला नाही तर सुवर्ण चढाई. पुण्याचा पहिलाच सामना बंगळुरूविरुद्ध ३२-३२ असा अडकला आणि टायब्रेकरमध्ये ६-४ ने सुटला. पहिल्या रात्रीच रक्तदाबाची गोळी लवकर घ्यावी लागली. बायको म्हणाली, “अजून सतरा सामने आहेत. जपून.”

मी एक वही ठेवतो. सामना झाला की तारीख, गुण, कुणी किती चढाया केल्या, कुणी किती पकडी केल्या आणि एका ओळीत सामना कुठे फिरला ते लिहितो. सगळे आकडे मोबाइलवर मिळतात, मग वही कशाला, असं नातू विचारतो. हाताने लिहिताना सामना पुन्हा एकदा डोळ्यांसमोरून जातो, म्हणून. शिवाय वहीमुळे एक गोष्ट लक्षात आली. सुरुवातीला मी फक्त चढाईपटूकडे बघायचो, कारण कॅमेराही त्याच्याकडेच असतो. नंतर कळलं की खरा सामना पलीकडे चाललेला असतो. दोन कोपरारक्षक, त्यांच्या आतले दोघे, मध्ये तिघे, एकमेकांचे हात धरून ही साखळी पुढे-मागे सरकते. डाव्या कोपऱ्याने अर्धा सेकंद आधी झेप घेतली तर गुण जातो, योग्य क्षणी घेतली तर चढाईपटू मध्यरेषेच्या एक वीत अलीकडे पडतो. इन्फंट्रीच्या माणसाला हे लगेच उमजतं. सेक्शनमध्येही एकट्याचं शौर्य कामाला येत नाही, शेजारच्याने वेळेवर साथ द्यावी लागते.

अव्वल पकडीचा नियमही मला फार आवडतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड झाली, तर एकाऐवजी दोन गुण. जो संघ अडचणीत आहे, लोण चढण्याच्या बेतात आहे, त्यालाच नियम जास्तीची संधी देतो. फार थोड्या खेळांत असं आहे.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. मी कुणाच्या बाजूचा?

लोक मला विचारतात की, दिल्लीचं पाणी पिता, दिल्लीची हवा खाता, मग दिल्लीचा संघ का नाही? प्रश्न रास्त आहे. आणि यात एक गंमतही आहे. पुण्याच्या संघात काही मुलं हरियाणाची असतात आणि दिल्लीच्या संघात मराठी मुलं असतात. २०२५ च्या दिल्ली संघात अजिंक्य पवार होता, महाराष्ट्राचा. लिलाव होतो, माणसं इकडून तिकडे जातात. इराणचा फझल अत्राचली २०२२ मध्ये पुण्याचा कर्णधार होता. त्या वर्षी मुंबईत अंतिम सामन्यात जयपूरने आपल्याला ३३-२९ असं हरवलं, तेव्हा मी त्याच्यासाठी हळहळलो होतो. तोच फझल २०२५ ला दिल्लीच्या बाजूने उभा. आणि ज्या नवीन कुमारच्या चढायांवर दिल्ली २०२२ च्या फेब्रुवारीत पाटण्याला ३७-३६ असं हरवून पहिल्यांदा विजेती झाली, तो २०२५ ला हरियाणाच्या संघात. मग निष्ठा ठेवायची कशावर? माणसं तर बदलतात.

माझं उत्तर पलटणीतूनच येतं. पलटणीतली माणसंही बदलतात. कमांडिंग ऑफिसर दोन-अडीच वर्षांनी जातो, जवान निवृत्त होतात, पोरसवदा मुलं भरती होऊन येतात. आज पलटणीत एकही माणूस असा नसेल जो पन्नास वर्षांपूर्वी तिथे होता. तरी पलटण तीच असते, कारण येणारा प्रत्येक जण आधीच्यांचं नाव आपलं मानतो. खेळाच्या संघात हे काम खेळाडू करू शकत नाहीत. त्यांचं करिअर लहान, त्यांना घर चालवायचं असतं, जिथे चांगली बोली लागेल तिथे ते जाणार आणि जायलाच हवं. संघाची आठवण सांभाळायचं काम पाठीराख्यांचं आहे. २०२२ चा पराभव आणि १ मार्च २०२४ चा हैदराबादचा विजय, अस्लम इनामदारच्या संघाने हरियाणाला २८-२५ असं हरवलं तो, या दोन्ही गोष्टी आज संघातल्या कित्येक मुलांच्या वाट्याला आलेल्या नाहीत. माझ्या वहीत मात्र दोन्ही आहेत.

आणि दोन बाजू ओढ घेतात तेव्हा काय होतं तेही मला माहीत आहे. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना होता, महाराष्ट्र विरुद्ध सेनादल. रिशांक देवाडिगाच्या महाराष्ट्राने ३४-२९ असा जिंकला. एकीकडे माझी माती, दुसरीकडे माझी वर्दी. त्या दिवशी मी कुणाच्याच बाजूने ओरडलो नाही, आणि सामना संपल्यावर दोन्हीकडच्या मित्रांना फोन केले. पण असं दर वेळी करता येत नाही. कधीतरी एका बाजूला बसावंच लागतं.

२०२५ ला तसंच झालं. साखळी संपली तेव्हा पुणे पहिलं आणि दिल्ली दुसरी होती, दोघांचे सव्वीस गुण, म्हणजे अठरापैकी तेरा-तेरा विजय. बाद फेरीचे सामने दिल्लीत, त्यागराज स्टेडियममध्ये. राष्ट्रकुल स्पर्धांसाठी २०१० ला बांधलेलं हे बंदिस्त स्टेडियम आयएनएजवळ आहे. बॉटॅनिकल गार्डनला मेट्रो पकडायची, मयूर विहारला गाडी बदलायची, दिल्ली हाटला उतरायचं. मी केशरी जर्सी घालून निघालो. या वयात लोक जरा वळून बघतात, बघू द्यावं.

पहिल्या क्वालिफायरमध्ये दिल्ली आणि पुणे ३४-३४ असे अडकले आणि टायब्रेकरमध्ये दिल्लीने ६-४ असा जिंकला. लक्षात घ्या, ज्या आकड्यांनी आमचा मोसम सुरू झाला, त्याच आकड्यांनी आम्ही हरलो. मग पुण्याने तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं हरवून अंतिम फेरी गाठली. ३१ ऑक्टोबरला पुन्हा तोच दिल्लीचा संघ समोर.

सभागृह अर्थातच दिल्लीचं होतं. आमच्या रांगेत आम्ही पाच-सहा मराठी, बाकी सगळीकडे हरियाणवी. शेजारी रोहतककडचा एक तरुण बसला होता. मी मराठी आहे कळल्यावर हसत म्हणाला, “ताऊ, पानिपत भूल गए के?” मी म्हटलं, “बेटा, पानिपतनंतर दहा वर्षांत आम्ही परत दिल्लीत होतो.” तो इतका मोठ्याने हसला की पुढच्या रांगेने मागे वळून पाहिलं. १७७१ ला महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली हे त्याला बहुधा ठाऊक नसावं, पण भाव पोचला. सामनाभर तो त्याच्या संघासाठी ओरडला, मी माझ्या. मध्यंतराला त्याने मला शेंगदाणे दिले.

पूर्वार्धात दिल्ली पुढे राहिली. उत्तरार्धात पुण्याने अंतर कमी करत आणलं. आदित्य शिंदे या तरुण पोराने दहा गुण मिळवले. एका क्षणी मला खरंच वाटलं की सामना फिरला. मग शेवटच्या मिनिटात पकड आली ती फझलची. ३१-२८. तीन गुणांनी गेला. दिल्लीचे प्रशिक्षक जोगिंदर नरवाल, २०२२ ला याच संघाचे कर्णधार होते, त्यांना मुलांनी खांद्यावर घेण्याचं तेवढं बाकी राहिलं होतं. आमची मुलं मॅटवर बसून होती.

मित्रहो, पाठीराख्याची परीक्षा इथे सुरू होते. पराभवानंतरच्या अर्ध्या तासात तो काय करतो, त्यावर तो कोण आहे हे ठरतं. सभागृहातून बाहेर पडेपर्यंत माझ्या फोनवर एका ग्रुपमध्ये निवाडे सुरू झाले होते. याला काढा, त्याला विका, हा घाबरट, तो विकला गेलेला. ज्याच्याबद्दल हे लिहिलं जात होतं तो विशी-बाविशीतला मुलगा. दोन महिने रोज अंगावर मार खाऊन तो तिथवर पोचला होता. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की, अठरापैकी तेरा सामने जिंकून अव्वल आलेला संघ तीन गुणांनी हरला, त्याला शिवी देण्याइतकं आपण काय केलं आहे?

सैन्यात हरलेल्या संघाला कमांडिंग ऑफिसर आधी भेटतो, जिंकलेल्याला नंतर. कारण जिंकलेल्याला भेटायला खूप लोक असतात. आम्ही पाच-सहा जण संघाची बस निघेपर्यंत गेटजवळ थांबलो. काचेआडून कुणी पाहिलं की नाही ठाऊक नाही. थांबणं आमचं काम होतं. रोहतकचा तो तरुण जाताना पाया पडून गेला. मी त्याला अभिनंदन म्हटलं आणि ते मनापासून होतं.

शेवटी एक मागणं. कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ. १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो बर्लिनला जगापुढे नेला, बुवा साळवींनी त्याच्यासाठी आयुष्य घातलं, १९९० ला तो आशियाई स्पर्धांत पोचला. आज टीव्हीमुळे तो घराघरात आहे. पण टीव्हीवरचा खेळाडू गावच्या मंडळाच्या मैदानात तयार होतो. अस्लम इनामदार श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. अशी मैदानं तुमच्या गावात, तालुक्यात असतील. तुम्ही बेळगावात असा, इंदूरला असा, बडोद्याला असा, वर्षातून एकदा तरी संध्याकाळी दिव्याखाली चाललेला सामना बघायला जा. तिकीट नसतं, खुर्ची नसते, कडेला उभं राहावं लागतं. एक संघ धरा आणि तो हरला तरी पुढच्या वर्षी पुन्हा जा.

माझ्या वहीत ३१ ऑक्टोबरच्या पानावर गुण लिहिले आहेत, आदित्यचे दहा, फझलची पकड. खाली पुढच्या मोसमासाठी रेघा आखून झाल्या आहेत.

जय हिंद.