ज्याला मारलं, तो कोण होता?

दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध १९०२ साली संपलं. त्याच वर्षी टॉमस हार्डी यांची ‘द मॅन ही किल्ड’ ही छोटीशी कविता आली. तिच्यात एक साधा शिपाई बोलतो. ज्याला गोळी घातली, तो गुत्त्यावर भेटला असता तर दोघं सोबत प्यायलो असतो, असं त्याला वाटतं. मग मारलं का? शत्रू होता म्हणून. पण एवढं सांगतानाही तो अडखळतो, आणि ते अडखळणंच मला कवितेचा प्राण वाटतं. मेलेलाही बहुधा त्याच्यासारखाच, काम नव्हतं म्हणून भरती झालेला.

पहिल्या महायुद्धात अवघ्या पंचविशीत मारले गेलेले कवी विल्फ्रेड ओवेन आणखी पुढे जातात. त्यांच्या ‘स्ट्रेंज मीटिंग’मध्ये मेलेला शत्रूच, मनात वैर न ठेवता, आपल्या मारेकऱ्याशी जगायच्या राहून गेलेल्या वर्षांबद्दल बोलतो.